आज हवेला अठराशे मार्क

१ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. एकतीस वर्षं रेकॉर्ड खात्याच्या तळघरात बसून दुसऱ्यांच्या नोंदी सांभाळल्या. आता स्वतःच्या. नियम तीन. खरं तेच लिहायचं. थोडक्यात लिहायचं. तक्रार करायची नाही.

निवृत्त होऊन करणार काय, असं विचारणाऱ्यांची तोंडं बंद केली. हॉल घेतला. दुसरा मजला, चौदा टेबलं, रस्त्याच्या बाजूला तीन मोठ्या खिडक्या, एसी. लोकांनी टेबल भाड्याने घ्यायचं आणि आपापलं काम आणून करायचं. याला को-वर्किंग म्हणतात. हिचं म्हणणं, याला अभ्यासिका म्हणतात. ही शाळेत गणित शिकवते, त्यामुळे बोलते कमी आणि बरोबर. पैकी बरोबर हे मला मान्य नाही.

१ मार्च, दुपार
मुख्य गोष्ट लिहायची राहिली. ठकी जूनमध्ये परत येतेय. सात वर्षांनी. इमारतींची डिझाइनं करते, आता स्वतःचं ऑफिस थाटणार. बरोबर दोन सहकारी, म्हणजे तीन टेबलं. कुठे बसायचं ते आल्यावर बघून पंधरा जूनला ठरवणार म्हणाली. मी म्हटलं, ठरवायचं काय त्यात, बापाचा हॉल आहे. ती म्हणाली, बघू बाबा. खिडकीजवळ टेबल आहे का, एवढंच विचारलं. म्हटलं, खिडकीचं काय घेऊन बसलीस, तुला जंगल देतो.

हॉल मी ठकीसाठी घेतलेला नाही. व्यवसाय म्हणून घेतलाय. ती लहान असताना मी तळघरातून घरी पोचायचो तेव्हा तिचा अभ्यास, खेळ, जेवण सगळं उरकलेलं असायचं. मग ती शिकायला बाहेर गेली. जागेपणी मी तिला एकूण किती पाहिलं ते काढायला आज बसलो आणि उठलो. याचा व्यवसायाशी काही संबंध नाही. नंतर खोडेन.

५ मार्च
सभासद चार. भाषांतर करणाऱ्या बाई. चार परक्या भाषा येतात, बोलत एकीतही नाहीत. एक करसल्लागार. फोनवर ओरडतो आणि समोरच्याशी कुजबुजतो. आणि मोबाइलचं ॲप बनवणारे दोन तरुण. दोघांनाही दाढी. नावं सारखी चुकतात म्हणून दाढी एक, दाढी दोन.

रस्त्यापलीकडे लॉन्ड्रीच्या वर असाच आणखी एक धंदा आहे. आमच्या खिडकीतून थेट दिसतो. एसी नाही. प्लास्टिकच्या खुर्च्या. खिडक्या दिवसभर सताड उघड्या, पडदे बाहेर लोंबतात. दारात एक मरतुकडं झाड. तरी अकरा माणसं बसलेली मोजली. दाढी दोन आज बराच वेळ तिकडे बघत होता. याचा बंदोबस्त करायला हवा.

८ मार्च
बंदोबस्त सापडला. लेख वाचला. ऑफिसात झाडं असली की माणसं खूश राहतात, काम जास्त करतात आणि जागा सोडून जात नाहीत. लेख कोणी लिहिला ते बघायचं राहिलं, पण फोटो फार चांगले होते. त्यात निरोगी इमारत असाही शब्द होता. ठकी असलंच काहीतरी करते. म्हणजे बाप-लेक एकाच क्षेत्रात. तिला फोनवर हे सांगितलं तर ती हसली. फोनवरच्या हसण्याचा अर्थ लावत बसू नये.

१४ मार्च
निरोगी इमारत या विषयाचा तीन दिवसांचा ऑनलाइन कोर्स पूर्ण केला. पूर्ण म्हणजे दोन दिवस. तिसऱ्या दिवशी खेळती हवा हा विषय होता, पण नेमकं त्याच वेळी नर्सरीवाल्याने बोलावलं. आणि हवा कुठून येते नि कुठे जाते हे शिकायला कोर्स कशाला? प्रमाणपत्र मात्र तिन्ही दिवसांचं आलं. फ्रेम करून दारात लावलं.

१९ मार्च
योजना तयार. तिन्ही खिडक्या झाकणारी हिरवी भिंत. या टोकापासून त्या टोकापर्यंत सांगाडा, बोल्ट मारून पक्का, आणि त्यात दोनशे चाळीस कुंड्या. एका फटक्यात तीन कामं: धूळ बंद, आवाज बंद, लॉन्ड्रीवरचे लोक दिसणं बंद. भिंत उभी करण्याआधी खिडक्यांच्या सगळ्या फटी सिलिकॉनने बुजवायच्या, म्हणजे बाहेरची घाणेरडी हवा आत येणार नाही. आतली हवा झाडं करतील. तो त्यांचा धर्मच आहे.

सुताराने विचारलं, साहेब, मग खिडक्या उघडायच्या कशा? म्हटलं, उघडायच्या कशाला? तो म्हणाला, खिडक्या आहेत म्हणून विचारलं. कारागीर चांगला आहे, दृष्टी नाही.

२६ मार्च
भिंत उभी राहिली. मनी प्लांट, नेचे, स्नेक प्लांट. डोळ्यांत पाणी आलं. सिलिकॉनच्या वासानेही असेल.

दुपारी बाराला दिवे लावावे लागले. काही बिघडत नाही. मी एकतीस वर्षं दिव्याखालीच काढली. ही बघायला आली. बराच वेळ दारात उभी राहिली आणि म्हणाली की अगदी तुमच्या तळघरासारखं झालंय. माझ्या कामाला तिने मनापासून दिलेली ही पहिलीच दाद.

ठकीला फोटो पाठवला. तिने हिरवं हृदय पाठवलं आणि विचारलं की खिडक्या कुठायत. म्हटलं, सरप्राइज.

३ एप्रिल
काही पानं पिवळी पडली. नर्सरीवाला म्हणतो उजेड नाही. झाडं विकायची वेळ होती तेव्हा हाच म्हणाला होता की ही काय कुठेही येतात. आता काखा वर. शेवटी त्याच्याकडूनच खास दिवे घेतले. जांभळा उजेड पडतो. झाडांना तो सूर्य वाटतो म्हणे.

४ एप्रिल
भाषांतरवाल्या बाईंच्या व्हिडिओ कॉलवर समोरच्याने त्यांना विचारलं की तब्येत बरी आहे ना, दवाखान्यातून बोलताय का. बाईंनी मला तसं कळवलं. म्हटलं, बघा, परदेशातली माणसंही तुमची किती काळजी करतात. बाईंनी हेडफोन पुन्हा कानाला लावला. समजूतदार आहेत.

माझं डोकं दुपारनंतर दुखतं. चष्म्याचा नंबर वाढला असणार.

७ एप्रिल
नवी योजना: झाड दत्तक घ्या. प्रत्येक सभासदाकडे दहा कुंड्या, कुंडीवर त्याच्या नावाची पट्टी. पाणी त्याने घालायचं आणि रोज दहा मिनिटं झाडाशी बोलायचं. माणसाचं नातं जडलं की तो जागा सोडत नाही, हे त्यामागचं शास्त्र.

दाढ्यांनी झाडात थंड कॉफी ओतली. करसल्लागाराने क्लायंटचा फोन आला तेव्हा झाडासमोर उभं राहून बोलून घेतलं, म्हणजे दोन्ही कामं झाली. पलीकडच्या क्लायंटला दंड लागला होता, त्यामुळे भाषा जरा कडक होती. त्याचा नेचा संध्याकाळपर्यंत गेला. मी वहीत नोंद घेतली.

१३ एप्रिल
आजचा दिवस सोन्याचा. हवा मोजायचं यंत्र आणलं. छोटंसं आहे, टेबलावर बसतं. पडद्यावर एक आकडा येतो आणि शेजारी पानाचं चित्र. माहितीपुस्तिका कुठल्याशा परक्या भाषेत, मुंगीच्या अक्षरात. पण यात कळण्यासारखं काय आहे? पान म्हणजे झाडं आणि आकडा म्हणजे त्यांना पडलेले मार्क. सकाळी लावलं तेव्हा ६२०. दुपारी १२१०. दुप्पट. एका दिवसात.

संध्याकाळी हिला सांगितलं. तिने विचारलं, कितीपैकी? शाळेची सवय जात नाही.

१६ एप्रिल
१५०० पार. पार झाल्याबरोबर यंत्र टीं टीं टीं करून वाजलं. शाबासकी द्यायची सोय आतच केलेली आहे. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. दाढी एक जांभई देत होता, त्याने अर्ध्या जांभईत वर पाहिलं. हल्ली सगळेच जांभया देतात. मन शांत झाल्याची खूण.

आता सभासदांच्या ग्रुपवर रोज दुपारी तीनला हवेचे मार्क टाकायचे, असं ठरवलं.

१९ एप्रिल, रविवार
सहज हॉलवर जाऊन आलो. कोणी नव्हतं. मार्क फक्त ४३०. मन खट्टू झालं. पण मग लक्षात आलं की माणसं असली की आकडा चढतो, नसली की उतरतो. म्हणजे झाडं माणसांच्या सहवासात खुलतात. हे लेखातही नव्हतं. हा माझा स्वतःचा शोध.

२७ एप्रिल
ग्रुपवर टाकलं: आज हवेला अठराशे मार्क. करसल्लागार हल्ली लॅपटॉप घेऊन जिन्यात बसतो. विचारलं, आत काय कमी आहे? तो कुजबुजला की आत दोन तास बसलं की आकडे गोल फिरायला लागतात. मी त्याला डोळे तपासायला सांगितलं. मी स्वतः नवा चष्मा केला. डोकं तसंच. डॉक्टरने नंबर चुकीचा काढलाय.

५ मे
कुंड्यांत चिलटं झाली आहेत. डाव्या कोपऱ्यात भिंतीवर काळसर काहीतरी उमटलंय आणि ओलसर वास येतो. मातीचा सुगंध म्हणून ब्रोशरमध्ये घालता येईल.

ब्रोशरसाठीच यंत्राची माहितीपुस्तिका भाषांतरवाल्या बाईंना दिली. भाषा त्यांना येणारी निघाली. म्हटलं, सवडीने मराठी करून द्या, अठराशेचं महत्त्व लोकांना कळू दे. बाईंनी पहिलं पान उलटलं, माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलणार होत्या. तेवढ्यात यंत्र वाजलं आणि मी धावलो.

११ मे
दाढ्या गेल्या. ॲप बंद पडलं म्हणाले, आता टेबल नको. वाईट वाटलं, तरुण मुलं. त्यांच्या वीस कुंड्या माझ्याकडे आल्या.

१३ मे
दाढ्या लॉन्ड्रीच्या वर आहेत. मावा-किडीचं औषध आणायला खाली उतरलो तर तिकडच्या जिन्यातून उतरताना दिसले. ॲप चालू असावं. मी ओळख दाखवली नाही, त्यांनी हात केला.

२० मे
ठकी यायला सतरा दिवस. हॉल भरलेला दिसला पाहिजे. रिकाम्या हॉटेलात कोणी शिरत नाही तसंच हे. रेकॉर्ड खात्यातल्या जुन्या सहकाऱ्यांना बोलावलं. विषय दिला, निवृत्तांसाठी हिरवं ऑफिस. चहा आहे असंही सांगितलं. बारा जण येतो म्हणाले.

२३ मे
न भूतो असा कार्यक्रम. पावणेअकराला मी बोलायला उभा राहिलो. साडेअकरापर्यंत बारांपैकी अकरा जणांच्या माना खाली. इतक्या शांतपणे मला कोणी कधी ऐकलं नव्हतं. एक जण जागा होता, तो म्हणाला मळमळतंय, त्याला बाहेर नेलं. आकडा ३१००. यंत्र थांबायलाच तयार नाही. फोटो काढला आणि ठकीला पाठवला.

तिचं उत्तर लगेच: बाबा, हे खरं आहे?
मी: शंभर टक्के.
ती: आत्ताच्या आत्ता खिडक्या उघडा.

डिझायनर लोकांना दुसऱ्याच्या कामात काहीतरी बदल सुचवल्याशिवाय चैन पडत नाही. आल्यावर बघेल तेव्हा गप्प होईल.

६ जून
ठकी आली. बारीक झालीय. मी बॅग उचलायला गेलो तर म्हणाली, राहू द्या बाबा, चाकं आहेत.

८ जून, सकाळ ११
ठकी हॉल बघायला येतेय. एकशे सत्तर कुंड्या ठीकठाक आहेत. उरलेल्या सत्तरांत पानं टोचून ठेवली. तिच्यासाठी मधलं टेबल पुसून ठेवलंय, त्यावर पाटी: आरक्षित.

८ जून, दुपार ४
झालं ते क्रमाने लिहितो. साडेअकराला आली. भिंत पाहिली, खूप मेहनत घेतली तुम्ही, असं म्हणाली. हे तिने म्हटलं, मी वाढवून लिहीत नाही. मग लॅपटॉप उघडून मधल्या टेबलावर बसली. मी समोरच्या टेबलावर वही उघडून बसलो. पन्नास मिनिटं. नंतर तिने कपाळ धरलं. म्हटलं, चष्मा बदल, माझंही असंच होतं.

तिने मला बाहेर जिन्यात नेलं आणि तिथल्या पायरीवर बसवलं. लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. तो आकडा मार्क नाही. माणसं श्वास सोडतात, तो बंद जागेत साचतो, तो साचलेला श्वास हे यंत्र मोजतं. आकडा कमी तेवढा चांगला. रविवारी ४३० होता तेव्हा हवा ताजी होती, कारण श्वास सोडायला कोणी नव्हतं. हजाराच्या पुढे डोकं जड होतं, जांभया येतात. ते वाजणं शाबासकी नाही. कुंड्या कितीही ठेवल्या तरी एवढ्या माणसांना त्यांची हवा पुरी पडत नाही. खिडकी लागते. म्हणाली, बाबा, मी तुमच्याकडे खिडकीच मागितली होती.

मी म्हटलं, यंत्र परदेशी आहे, आपल्या हवेची त्याला कल्पना नसेल.

ती हसली नाही. खिडक्या उघडा, एवढं करा, म्हणाली. मला इथे बसायचंय, असंही म्हणाली. हे वाक्य दोनदा लिहायला हरकत नाही. मला इथे बसायचंय, असं म्हणाली.

९ जून
भाषांतरवाल्या बाईंनी माहितीपुस्तिकेचं मराठी भाषांतर टेबलावर ठेवलं. सुवाच्य अक्षर, चौदा पानं. सहाव्या पानावर एकच वाक्य त्यांनी अधोरेखित केलंय: ध्वनी सुरू होताच खोलीतील खिडक्या उघडाव्यात व माणसांनी बाहेर पडावे. भाषांतराला टाचणीने त्यांचं जागा सोडण्याचं पत्र जोडलं होतं. मूळ पुस्तिका परत केली. अशी माणसं आता मिळत नाहीत.

१० जून
सुताराला फोन. गावी गेलाय, सतराला येणार. दुसरा सुतार आणला. त्याने बोल्ट पाहिले, सिलिकॉन पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला की ज्याने केलं त्यालाच बोलवा. करसल्लागार जिन्यातून ऐकत होता. त्याने लॅपटॉप मिटला, दत्तक झाडांपैकी जिवंत एक होतं ते मला परत दिलं आणि रस्ता ओलांडून गेला.

सभासद शून्य. म्हणजे तीन टेबलांची अडचण तरी नाही.

११ जून
स्वतः सिलिकॉन काढायला बसलो. स्वयंपाकघरातली सुरी घेतली होती. बोटभर निघालं आणि सुरी मोडली. हिने दुसरी दिली नाही. म्हणाली, ठकीला फोन करून सांगा की सुतार सतराला येतोय, दोन दिवस उशीर होईल. एवढं सोपं आहे. गणितवाल्यांना सगळंच सोपं असतं. सात वर्षांनी आलेल्या मुलीला पहिल्याच कामात उशीर होईल म्हणून सांगायचं? तळघरातून मी हेच तर सांगायचो. उशीर होईल, जेवून घ्या.

१२ जून
मार्ग सापडला. यंत्र जिन्यात स्टुलावर ठेवलं. आकडा ४७०. फोटो काढला, मागची भिंत येणार नाही असा. ठकीला पाठवला.

ती: अरे वा. उघडल्या खिडक्या?
मी: हो.

हे खोटं नाही. सतराला उघडणारच आहेत. पाच दिवस आधी सांगितलं एवढंच.

ती: बाबा, ग्रेट. मग ठरलंच समजा. पुढच्या आठवड्यात सामान आणते.

आजचा दिवस आयुष्यात लिहून ठेवण्यासारखा.

१४ जून, दुपार
ठकी न सांगता आली. बरोबर दोन्ही सहकारी, त्यांना जागा दाखवायला. वर येता येता त्यांना सांगत होती, बाबांनी एका आठवड्यात सगळं बदलून टाकलं. मला आतून ऐकू आलं.

जिन्यात यंत्र स्टुलावर होतं. तिथे तिचं बोलणं थांबलं.

आत आली. कुंड्यांच्या मागे हात घातला आणि काचेच्या कडेवरून बोट फिरवलं. सहकाऱ्यांना म्हणाली, तुम्ही खाली थांबा, मी आलेच.

रागावली असती तर बरं झालं असतं. रागवायला माझ्याकडे उत्तरं तयार होती. ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली की उघडल्या नाहीत असं सांगितलं असतं तरी चाललं असतं, ती थांबली असती. मी म्हटलं, सुतार सतराला नक्की येतोय. ती म्हणाली, आता राहू द्या बाबा. खाली दोघांना काय सांगायचं ते तिला सुचत नव्हतं. मी सुचवलं की यंत्र बिघडलंय म्हणून सांग. तिने माझ्याकडे पाहिलं. तसं तिने माझ्याकडे पूर्वी कधी पाहिलेलं नाही. पुन्हा पाहू नये.

१५ जून
ठकीने लॉन्ड्रीच्या वर तीन टेबलं घेतली. घरी येऊन समोर बसून सांगितलं, फोनवर नाही. हिने तिला चहा दिला, मला दिला, स्वतः घेतला. मग ठकी म्हणाली, समोरच तर आहे, तुम्ही येत जा. मी म्हटलं, मला कुठे वेळ आहे.

१७ जून
सुतार आला. गावाहून येताना मला आंबे घेऊन आला. माणूस सरळ आहे. भिंत उतरवायला पाच तास लागले. कुंड्या नर्सरीवाला परत घेत नाही, जिना भरलाय. शेवटी सिलिकॉन कापून त्याने तिन्ही खिडक्या उघडल्या आणि म्हणाला, साहेब, हॉल झकास आहे की हो. वारं बघा. मी म्हटलं, मला माहीत आहे.

संध्याकाळी ठकीचा फोन. कसं चाललंय विचारत होती, आवाज नेहमीचा. म्हटलं, फार चांगलं. भिंत काढली, खिडक्या उघडल्या, सहा नवे सभासद आले. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या होत्या. ती खूश झाली. तिला खूश झालेलं ऐकून मी आकडा सहावरून आठ केला.

२० जून
सकाळी साडेदहाला हॉल उघडला. डोकं दुखत नाही. वारा एका खिडकीतून येतो आणि सगळ्या टेबलांवरून फिरतो. टेबलं रिकामी आहेत, त्यामुळे कागद उडण्याची कोणाची तक्रार नाही.

समोर ठकी दिसते. खिडकीतलं टेबल. केस वर बांधलेत आणि त्यात पेन्सिल खुपसलीय. ती असं करते हे मला माहीत नव्हतं. काहीतरी आखते, मान तिरकी करून बघते, खोडते. मधेच एकटीच हसली. मागे भाषांतरवाल्या बाई दिसल्या, त्यांनी तिला काहीतरी खायला दिलं. मी खुर्ची ओढून बसलो. दीड तास गेला. इतका वेळ मी तिला सलग कधीच पाहिलेलं नाही. फार चांगलं वाटलं. हे लिहायला लाज कसली.

बाराला फोन केला. तिने उचललेला मला दिसला. विचारलं, कामात आहेस का? म्हणाली, थोडी. मग तिने विचारलं की हॉलमध्ये आहात का, आज गर्दी आहे का. म्हटलं, विचारू नकोस, एकही टेबल रिकामं नाही. ती म्हणाली, थांबा, खिडकीत या, मी हात करते. आणि खुर्चीवरून उठली.

मी पटकन खाली बसलो. टेबलाच्या आड, लादीवर. फोन कानाला. म्हटलं, आत्ता जमायचं नाही, माणसांचा गराडा आहे. मला वाटलं फोन कट झाला, पण पलीकडून लॉन्ड्रीच्या यंत्रांचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने म्हणाली, बरं बाबा, माणसं गेली की सांगा, मी येऊन जाईन. आवाज बसल्यासारखा वाटला. दिवसभर खिडक्या उघड्या ठेवतात ते लोक, घशात धूळ गेली असणार.